भुवईभर होकार

“मुलाखत कसली, भावा? नुसता उपचार!”

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नदीकाठच्या शेडमध्ये ओली लाइफजॅकेटं वाळत घालताना पाओराने हे जाहीर केलं. “तो नॉर्वेवाला माझा अर्ज बघेल, माझं तोंड बघेल आणि विचारेल, कधी येताय? बस्स! मेमध्ये मी तिकडे!”

एवढं बोलून तो थांबला असता तर पुढचं रामायण टळलं असतं. पण शेडमध्ये दुपारची राफ्ट बांधणारे आणखी चौघं होते, आणि आमच्या ओकेरे गावात बातमीला पाण्याहून जास्त वेग असतो. संध्याकाळी ती हुइया आँटीच्या कानावर गेली. हुइया आँटी म्हणजे पाओराच्या वडिलांची थोरली बहीण, पाओराला लहानाचा मोठा केलेली. त्या रात्री तिची हाउझी, म्हणजे आकड्यांचा खेळ, होती. पूर्ण घर लागल्यावर बक्षीस घ्यायला ती माइकपाशी गेली आणि माइक हातात आलाच आहे तर म्हणून सांगून टाकलं, “आमचा पोरगा परदेशी चाललाय! पुढच्या शनिवारी निरोपाची हांगी! सगळ्यांनी यायचं!” हांगी म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात तापल्या दगडांवर शिजवलेलं आमचं गावजेवण.

मुलाखत गुरुवारी होती. निरोप शनिवारी ठरला. नोकरी अजून नॉर्वेतच होती.

आता पाओरा काही ऐरागैरा नव्हे. नऊ उन्हाळे तो काइतुना नदीवर राफ्ट चालवतोय. सात मीटरच्या धबधब्यावरून दिवसातून चार वेळा पर्यटकांना खाली नेतो आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना हसत वर काढतो. नदीवर त्याचा आवाज असा लागतो की “खाली बसा!” म्हटलं की काठावरची बदकंसुद्धा बसतात. पण थंडी पडली की नदीवर चिटपाखरू नसतं. बाकीचे गाईड मग उन्हाळ्याच्या मागे मागे जगाच्या दुसऱ्या टोकाला जातात, कोणी कॅनडाला, कोणी जपानला, कोणी नॉर्वेला, आणि ऑक्टोबरात परत येऊन शेडमध्ये तिकडच्या नद्यांच्या थापा मारतात. पाओरा मात्र टे पुकेच्या फळं भरायच्या पॅकहाऊसमध्ये सरकत्या पट्ट्यासमोर उभा राहून नासकी किवीफळं बाजूला काढत असतो. असे नऊ हिवाळे! त्याला आता किवीफळ नुसतं दिसलं तरी मळमळतं.

तो इतकी वर्षं गेला नाही, त्याला कारण होतं कोरो. कोरो म्हणजे त्याचे आजोबा. त्यांना झटका आला, अर्धं अंग गेलं, वाचा गेली. त्यांना उचलायचं, अंघोळ घालायची, भरवायचं, हे पाओराने ही सगळी वर्षं केलं आणि कधी कुरकुर केली नाही. गेल्या हिवाळ्यात कोरो गेले. जायच्या आदल्या आठवड्यात पाओराने त्यांना सहज विचारलं होतं, “कोरो, मीही जाऊन बघू का हो दुसरी एखादी नदी?” कोरोंनी दोन्ही भुवया वर केल्या. अगदी कपाळापर्यंत!

आमच्याकडे भुवया वर करणं म्हणजे ‘हो’. या कामाला आम्ही तोंड झिजवत नाही. चहा घेणार? भुवया वर. उद्या येणार? भुवया वर. अंकल बॉय आता सत्तरीचे आहेत, पण नाव बॉय ते बॉयच. त्यांनी लग्नात पाद्र्यालासुद्धा भुवयांनीच होकार दिला होता, आणि ते लग्न चाळीस वर्षं टिकून आहे.

तर कोरोंनी ‘जा’ म्हटलं होतं. पण नॉर्वेच्या कामाच्या व्हिसासाठी अर्ज एकतिसाव्या वाढदिवसाआधी करावा लागायचा आणि एप्रिलअखेर पाओरा एकतीस वर्षांचा होणार होता. यंदा नाही तर कधीच नाही. पुन्हा पट्टा, पुन्हा किवीफळं, केस पिकेपर्यंत. म्हणून शेडमध्ये तोंडाने बढाई मारत असला तरी रात्री उठून तो मुलाखतीत विचारायचे प्रश्न पाठ करत होता.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता आँटीच्या बैठकीच्या खोलीत लॅपटॉप मांडला गेला. नॉर्वेत तेव्हा सकाळचे सात. पाओराने वर इस्त्रीचा शर्ट चढवला होता आणि खाली नदीवरची ओली चड्डीच होती, कारण कॅमेऱ्यात खालचं दिसत नाही असं त्याने ऐकलं होतं. आँटी लॅपटॉपच्या मागे विणकाम घेऊन बसली.

“हे बघ पोरा,” ती म्हणाली, “स्वतःची टिमकी वाजवू नकोस. मोठा माणूस आहे तो. विचारेल तेवढ्यालाच उत्तर दे. आणि हावरटपणा करू नकोस.”

पाओराने भुवया वर केल्या.

पडद्यावर एक पांढरी दाढी उगवली. मागे लाकडी भिंत, हातात कॉफीचा मग. ऑडवार त्याचं नाव. तिकडच्या डोंगरात त्याचा नदीकाठचा तळ होता, आणि पाओराची चुलत बहीण एराना हिने त्याचा पत्ता दिला होता. एराना स्वतः दोन मोसम नॉर्वेच्या नद्यांवर काढून आलेली. पण ती सध्या आमच्या देशाच्या दक्षिण बेटावर बुलर नदीवर होती आणि तिथे फोनला रेंज नव्हती. ती असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

“नमस्कार पाओरा,” ऑडवार म्हणाला. “तुमच्या अर्जात लिहिलंय, तुम्ही नऊ वर्षं राफ्ट चालवताय. बरोबर?”

पाओराने भुवया वर केल्या.

ऑडवार थांबला. त्याला समोर असा एक माणूस दिसला, जो स्वतःबद्दलची ही बातमी पहिल्यांदाच ऐकत होता.

“म्हणजे... नऊ वर्षं?”

पाओराने भुवया आणखी वर केल्या. म्हातारा कानाने थोडा अधू असावा असं त्याला वाटलं.

“बरं. आणि सात मीटरचा धबधबा आहे, त्यावरून तुम्ही लोकांना नेता?”

भुवया वर!

“रोज?”

भुवया वर, डोळे मोठे! हे ‘हो तर, रोज’ असं उत्तर होतं. ऑडवारने कॉफीचा मग हळूच खाली ठेवला.

“पाओरा, एक विचारू? हा अर्ज तुम्ही स्वतःच लिहिलाय ना?”

इथे मात्र पाओरा पहिल्यांदा तोंडाने बोलला. कोणी काही म्हणो, पोरगा सरळ आहे. “नाही. आँटीने लिहिलाय.”

लॅपटॉपमागे आँटीच्या सुया थांबल्या. ऑडवारने कागदावर काहीतरी लिहिलं आणि बराच वेळ खाडाखोड केली.

“असू दे,” तो मवाळपणे म्हणाला. “तुम्हाला काही विचारायचंय?”

पाओराने घसा खाकरला. प्रश्न त्याने पाठ करून ठेवले होते. “राहायला खोली मिळेल का?”

ऑडवारने तोंड किंचित उघडलं आणि श्वास झटकन आत ओढला. “ह्ह्प्!”

पाओरा चपापला. गरम तव्याला हात लागल्यावर माणूस करतो तसला आवाज! खोलीचं नाव काढताच म्हाताऱ्याच्या काळजाला चटका बसला होता. लॅपटॉपमागून आँटीने सुई हलवून खूण केली, हावरटपणा नको!

“नाही, म्हणजे खोलीच पाहिजे असं नाही,” पाओरा घाईघाईने म्हणाला. “मला तंबू चालेल. तंबू आवडतोच मला!”

“तंबू?” ऑडवारला नवल वाटलं.

“आणि जेवण तुमच्याकडेच का?”

“ह्ह्प्!”

“नको, नको! मी माझं करून खाईन! मला स्वयंपाक येतो! बटाटे वगैरे!”

“बटाटे,” म्हणत ऑडवारने लिहून घेतलं.

“आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी...”

“ह्ह्प्!” हा श्वास तर फारच खोल होता.

“नकोच सुट्टी!” पाओरा जवळजवळ ओरडला. “सुट्टीत मी करू काय तिथे? सुट्टीच्या दिवशीही सांगा काहीतरी काम!”

ऑडवारने त्याच्याकडे मायेने पाहिलं. असा माणूस त्याला पूर्वी भेटला नसावा. कळवतो म्हणाला आणि पडदा काळा झाला.

“कसं झालं?” आँटीने विचारलं.

“आजारी आहे गं तो,” पाओरा घाम पुसत म्हणाला. “दर प्रश्नाला कळ येते त्याला. पण मी सांभाळून घेतलं.”

शुक्रवारी सकाळी पत्र आलं. पाओराने ते शेडच्या मागे उभं राहून वाचलं.

‘प्रिय पाओरा, तुमच्याशी बोलून आनंद झाला. नदीविषयीचे बहुतेक प्रश्न तुम्हाला नवे होते आणि ते तुम्ही चेहऱ्यावर लपवलं नाहीत, हा प्रामाणिकपणा मला आवडला. माणसांचा जीव हातात असतो, त्यामुळे राफ्ट मी तुम्हाला देऊ शकत नाही. पण स्वयंपाकघरात बटाटे सोलायला मदतनीस हवाय. खोली, जेवण आणि सुट्टी यांवर तुम्ही पाणी सोडलंत, असं आमच्याकडे याआधी कोणी केलेलं नाही. आमच्या आचाऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्याचे डोळे पाणावले. सोमवारपर्यंत कळवा.’

पाओराने पत्र तीनदा वाचलं. बटाटे! काइतुनाचा पाओरा जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बटाटे सोलणार! त्यापेक्षा किवीफळं काय वाईट होती? ती निदान सोलावी लागत नव्हती.

घरी सांगायचं त्याने दोनदा ठरवलं. पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेला तर आँटी चार बायकांबरोबर भोपळे चिरत होती. “आला बघा आमचा नॉर्वेकर!” म्हणत तिने त्याचा असा मुका घेतला की सांगायचं राहूनच गेलं. दुसऱ्यांदा परसात गेला तर अंकल बॉयनी हांगीचा खड्डा खणूनही झाला होता आणि ते दगड निवडत होते.

“अंकल, समजा... समजा माझं जाणं नाही झालं तर?”

अंकल बॉयनी खड्ड्यातून मान वर काढली. “डुक्कर कापलंय,” ते म्हणाले आणि पुन्हा खाली गेले.

आमच्याकडे एकदा डुक्कर कापलं की माणसाने जायचंच असतं.

शनिवारी दुपारी साठेक माणसं जमली. दगड लाल झाले, टोपल्या खड्ड्यात उतरल्या, वर ओली पोती आणि माती पडली. लोक एकेक करून आमच्या रीतीप्रमाणे पाओराच्या नाकाला नाक लावत होते, गळ्यात पडत होते, रडत होते. कोणी लोकरीची पायजमा-जोडी दिली, कोणी कानटोपी. पॅकहाऊसचे मुकादम मिस्टर डगन यांनाही आँटीने बोलावलं होतं. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

“तुझी जागा देऊन टाकली मी दुसऱ्याला! आता मागे वळून बघू नकोस!”

झालं! किवीफळंही गेली. पाओरा गर्दीतून निसटला आणि पाण्याच्या टाकीमागे ज्यादाच्या बटाट्यांचं पोतं होतं तिथे जाऊन बसला. चाकू पडलेलाच होता. तो बटाटे सोलायला लागला.

एराना सरळ बुलरहून आली ती तिथेच येऊन धडकली. “काय रे, पाहुणा तू आणि बटाटे तूच सोलतोस?”

“सराव करतोय,” पाओरा म्हणाला आणि त्याने सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याने हातातला बटाटा सोलून सोलून सुपारीएवढा केला. “कोरोंनी जा म्हटलं होतं गं. शेवटचं तेवढंच म्हणाले. आणि मी हे करून बसलो. त्यात त्या म्हाताऱ्याला छातीचा काहीतरी त्रास आहे. खोली म्हटलं की ह्ह्प्, जेवण म्हटलं की ह्ह्प्...”

एरानाने पोत्याचा आधार घेतला. मग ती खालीच बसली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“अरे गाढवा! तो ‘हो’ म्हणत होता!”

“कोण?”

“ऑडवार! तिकडे ‘हो’ असंच म्हणतात, श्वास आत ओढून! पहिले पंधरा दिवस मीही दर वेळी पाणी आणायला धावायचे. खोली मिळेल का? हो. जेवण आहे का? हो. सुट्टी? हो! आणि तू काय म्हणालास?”

“तंबू,” पाओरा क्षीणपणे म्हणाला.

“आणि तो विचारत होता तेव्हा तू काय करत होतास?” तिने विचारलं. पाओराने भुवया वर केल्या. “हेच!” ती किंचाळली. “हेच करत होतास ना? तिकडे याचा अर्थ ‘काय सांगता!’ असा होतो रे! तू नऊ वर्षं राफ्ट चालवतोस? काय सांगता! धबधब्यावरून नेतोस? काय सांगता!”

पाच मिनिटांत ही गोष्ट साठ जणांना कळली. आँटीने हातातला झारा खाली ठेवला. ती चिडली नाही. हे फार वाईट लक्षण असतं.

“लॅपटॉप आण,” ती म्हणाली.

सात वाजता, हांगीचं जेवण होऊन पानं उचलल्यावर, लॅपटॉप परसातल्या टेबलावर आला. ऑडवार न्याहारीला बसला होता. त्याच्या पावावर तपकिरी चीजचा काप होता. त्याने फोन घेतला आणि त्याला पडदाभर माणसं दिसली, म्हाताऱ्या, तान्ही, टोप्या घातलेले, झाडावर चढलेले.

“मी आँटी,” आँटी म्हणाली. “अर्ज मी लिहिलाय. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे.”

“नमस्कार,” ऑडवार जपून म्हणाला. “म्हणजे पाओरा खरोखरच गाईड आहे?”

साठ माणसांनी एकदम, आवाज न करता, भुवया वर केल्या.

“ह्ह्प्!” ऑडवारच्या तोंडून निघालं. तो ‘हो’ म्हणाला की खरंच घाबरला, हे एरानालाही सांगता आलं नाही. तिने पुढे होऊन त्याला भुवयांचा सगळा प्रकार समजावला, आणि इकडच्यांना श्वासाचा. ऑडवारने पावाचा तुकडा खाली ठेवला आणि दाढी कुरवाळली.

“बरं. मग तुम्हीच सांगा, पाओरा. तुम्हाला इकडे का यायचंय?”

पाओराच्या भुवया हलायला लागल्या तशा एरानाने त्या दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरल्या. “तोंडाने!”

“माझे आजोबा गेले,” पाओरा म्हणाला. “त्यांना बोलता येत नव्हतं. मी विचारलं, दुसरी नदी बघू का? त्यांनी तुम्ही आत्ता पाहिलंत ना, तसं केलं. म्हणून यायचंय.”

आँटीने झाऱ्यानेच डोळे पुसले. ऑडवारने मान हलवली.

“शेवटचं एक,” तो म्हणाला. “आमची नदी फार आवाज करते. तुमचा हुकूम माणसांना ऐकू जातो का? काहीतरी म्हणून दाखवा.”

पाओरा उभा राहिला. खाली नदीवरची चड्डीच होती, ती ऑडवारला आज दिसली. त्याने छाती भरून घेतली.

“खाली बसाऽऽऽ!”

साठच्या साठ माणसं धाडकन गवतावर बसली. निम्म्या जणांना त्याने कधी ना कधी धबधब्यावरून नेलं होतं आणि उरलेल्यांना चान्स घ्यायचा नव्हता. अंकल बॉय हांगीच्या खड्ड्याच्या काठावर उभे होते, ते खड्ड्यातच बसले. मिस्टर डगन हातातल्या पुडिंगसकट बसले. शेजारच्या वाड्यातलं घोडं तेवढं उभं राहिलं, पण विचारात पडलं. तिकडे ऑडवारसुद्धा स्टुलावरून खाली सरकला होता. त्याची दाढी टेबलाच्या कडेवरून हळूहळू वर आली.

“मे महिन्याच्या पहिल्या तारखेला या,” तो म्हणाला. “राफ्ट तुमची.”

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! आँटीने लॅपटॉपलाच मिठी मारली. ती सोडवून ऑडवार पुन्हा दिसायला लागला तेव्हा तो कागद चाळत होता.

“फक्त एक आहे, पाओरा. तुम्हाला तंबू आवडतो म्हणालात, म्हणून तुमची खोली मी काल चिलीच्या गाईडला दिली. आणि सुट्टीच्या दिवशी काम हवं म्हणालात, ते आचाऱ्याला फार आवडलं. तर तंबू आणि बटाटे, दोन्ही चालेल ना?”

पाओराला धक्का बसला. अगदी खराखुरा धक्का! त्याच्या भुवया आपोआप कपाळापर्यंत गेल्या.

ऑडवार नुकताच शिकला होता.

“छान!” तो म्हणाला. “ह्ह्प्!” आणि त्याने फोन बंद केला.

जूनमध्ये आँटीने त्याला फोन लावला. तिकडे रात्रीचे दहा वाजत आले होते तरी ऊन होतं आणि पाओरा पिवळ्याजर्द तंबूत डोळ्यांवर कानटोपी ओढून पडला होता. बोटांना बटाट्यांचा वास येत होता. पण आवाजात असा आनंद होता, की आँटीने तो कोरो गेल्यापासून ऐकला नव्हता.

“नदी कशी आहे रे?”

“थंड! पण काय पळते, आँटी! काय पळते!”

“जेवतोस ना नीट?”

पाओरा सहा आठवडे तिकडे राहिला होता. संगतीचा परिणाम होतोच.

“ह्ह्प्!” तो म्हणाला.

एरानाने काय समजावलं होतं ते आँटी त्या क्षणी साफ विसरली. तिने त्याच दिवशी पोस्टात जाऊन छातीला चोळायच्या मलमाचे सहा डबे नॉर्वेला रवाना केले. ते ठेवायला तंबूत जागा नाही, असं पाओराचं म्हणणं आहे.